घंटी नसलेली गाडी

कप्तानाने आयुष्यात कधी जहाज पाहिलं नव्हतं. त्याला कप्तान म्हणत ते त्याच्या टोपीमुळे. निळी, पुढे चकचकीत काळी कड असलेली ती टोपी मालकांनी मुद्दाम शिवून घेतली होती, आणि त्यांची मोठी गाडी चालवताना ती डोक्यावर हवीच असा दंडक होता. पुढे मालक गेले, गाडी गेली, नोकरी गेली. टोपी दारामागच्या खिळ्यावर राहिली आणि नाव गल्लीच्या तोंडात राहिलं. दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे त्याला कप्तानच म्हणत. त्याच्या बायकोला कोणी चुकून कप्तानीण म्हटलं की ती शिवणाच्या मशीनवरून मान वर करून म्हणायची, "कप्तानीण मी नाही बाई. ती दुसरी, बंगल्याच्या गॅरेजात दुलई पांघरून झोपायची ती."

दुसरी म्हणजे ती गाडी. कप्तान तिला थोरली म्हणायचा आणि बायको तिला सवत म्हणायची. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

थोरली होतीही तशीच. मालकांच्या वडिलांनी ती बोटीने मागवली होती. पुढचे दिवे परातीएवढे. दाराखाली पाय ठेवायला लांबरुंद पायरी. छत इतकं उंच की मालक डोक्यावरची हॅट न काढता आत बसत. आत कातडी बैठका आणि समोर अक्रोडाच्या लाकडाची फळी. त्या फळीवर कप्तान दर आठवड्याला मेण घासायचा आणि मग तिच्यात स्वतःचं तोंड बघून मिशा सारख्या करायचा. लाड मात्र फार. सकाळी गरम व्हायला तिला वेळ लागे, गिअर बदलायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे, वळवायला अख्खा चौक लागे, आणि पेट्रोल तर ती पीत नसे, ढोसत असे. पण हे सगळं कप्तान कौतुकानेच सांगायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

पुढची आणि मागची बैठक यांच्यामध्ये सरकती काच होती. मागे, मालकांच्या हाताशी, पितळेचं एक बटण होतं. ते दाबलं की पुढे कप्तानाच्या गुडघ्याजवळ बारीक घंटी वाजे. घंटी वाजली की मान न वळवता ऐकायचं आणि म्हणायचं, "बरं." घंटी वाजली नाही तर मागे काय वाटेल ते होवो, ते आपल्यासाठी नाही. उन्हाळ्यात काच उघडीच असे आणि मागचं सगळं पुढे येई: भांडणं, हिशेब, मालकीणबाईंचे हुंदके. नोकरी नवी असताना मालकांच्या कुठल्याशा बोलण्यावर कप्तानाला हसू फुटलं होतं. मालकांनी आरशातून नुसतं बघितलं. त्या दिवसापासून कप्तानाने कानाला खडा लावला. आरसा असा तिरका करून ठेवला की मागचा रस्ता दिसावा आणि माणसांचे चेहरे दिसू नयेत. कान मिटता येत नाहीत असं लोक म्हणतात, पण ते खोटं आहे. सवयीने जमतं. पुढे पुढे तर असं झालं की मागे बोलणं सुरू झालं की त्याला इंजिनच जास्त स्पष्ट ऐकू यायचं. बोलणं थांबल्याचं तेवढं कळायचं, आणि तिथे, न जाणो घंटी निसटली असेल तर, तो एक "बरं" टाकून द्यायचा.

याचा त्याला मोठा अभिमान होता. चहाच्या दुकानासमोरच्या बाकावर बाकीचे ड्रायव्हर आपापल्या मालकांची लफडी मीठमसाला लावून सांगत. हा म्हणायचा, "आपल्याला बुवा काही माहीत नाही." आणि त्याला खरोखरच काही माहीत नसे.

मालक गेल्यावर मुलांनी थोरली एका मोठ्या हॉटेलला देऊन टाकली. आता ती तिथे दिवाणखान्यात, जाड दोरीच्या आत उभी असते आणि येणारेजाणारे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. कप्तान एकदा बघायला गेला होता. अक्रोडाच्या फळीवर कुणीतरी कसला तरी चकाकणारा रंग फासलेला पाहून त्याने दोरीतून हात आत घातला, तर दारवान म्हणाला, "काका, हात लावायचा नाही." घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला की हॉटेल बंद होतं.

लेकीने गाडी घेतली ती यानंतर. लेक विमा कंपनीत होती, नुकतीच मोठ्या जागेवर दुसऱ्या शाखेत गेली होती. सकाळी कंपनीची बस यायची आणि ती बाहेर पडायची, ती दिवेलागणीला दमून परत. गाडी तिने खरं म्हणजे आईबाबांसाठीच घेतली. छोटीशी, टोमॅटोसारखी लाल. गल्लीत उभी राहिली तरी शेजारून हातगाडी जाईल एवढी.

कप्तानाने तिच्याभोवती एक चक्कर मारली, ती लगेच संपली.

"ही गाडी म्हणायची की काड्यापेटी?"

"काड्यापेटी तर काड्यापेटी, बाबा," लेक म्हणाली. "आपण तीनच तर काड्या. बसतो ना आत?"

"थोरलीच्या नुसत्या डिकीत मावेल ही."

"थोरली आपली नव्हती, बाबा. ही आपली आहे."

त्याने चाकाला लाथ मारून हवा बघितली.

गाडीचं नाव त्याने धाकटी ठेवलं आणि तिला बोल लावायला सुरुवात केली. किल्ली खिशातच राहते आणि बटण दाबलं की सुरू होते, ही काय गाडी? मिक्सर आहे मिक्सर. दार लावलं की थोरलीचा कसा तिजोरीसारखा आवाज यायचा, हिचा डब्याच्या झाकणासारखा येतो. आणि तोंड तर क्षणभर मिटत नाही. पट्टा लावला नाही की टुंग. दार नीट लागलं नाही की टुंग. मागे भिंत आली की टुंग टुंग टुंग. "थोरली कशी खानदानी बाईसारखी गप्प बसायची," तो बाकावर सांगायचा. "हे म्हणजे किरकिरं पोर." धाकटी एका झटक्यात सुरू होते, गल्लीच्या तोंडाशी एका दमात वळते आणि तिचं स्टेअरिंग करंगळीने फिरतं, हे त्याने बाकावर कुणाला सांगितलं नाही.

बायकोला मात्र धाकटी पहिल्या दिवसापासून आवडली. सवतीत तिला कधी बसायला मिळालं नव्हतं. बंगल्याच्या फाटकाबाहेरून तिने तिला पाहिली होती तेवढीच. पहिल्यांदा दोघं बाहेर निघाली तेव्हा कप्तान आधी जाऊन मागचं दार उघडून ताठ उभा राहिला.

"अहो, मी पुढे बसते की."

पण त्याने दार धरलं होतं आणि त्याचा हात असा काही पुढे झाला होता की तिला हसूच आलं. ती पदर सावरून मागे बसली आणि म्हणाली, "चला ड्रायव्हर." त्या दिवसापासून तिची जागा मागे ठरली. शेजारच्या सीटवर कप्तानाची टोपी. हो, धाकटीत बसताना तो ती डोक्यावर घालत नसे, पण बरोबर घेत असे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि बसल्या बसल्या, विचार न करता, त्याने आरसाही तिरका करून टाकला.

मग तो पडद्यांचा दिवस आला. बायकोने एका शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवले होते, ते पोचवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं. त्या दिवशी ती लवकर आवरून बसली होती. गठ्ठा डिकीत गेला, ती मागे बसली. गाडी मोठ्या पुलाच्या चढाला लागली तेव्हा मागे बोलणं सुरू झालं.

ती काय बोलली ते इथे सांगता येत नाही, कारण ही गोष्ट कप्तानाच्या बाजूने चालली आहे आणि कप्तानाला ते माहीत नाही. या चढाला थोरलीला खालचा गिअर लागायचा, तीन ठिकाणी ती धापा टाकायची, आणि ही टिचभर पोरगी न कुरकुरता चढत होती. त्याचाच त्याला राग येत होता. मागचा आवाज हळू होता, थांबत थांबत येत होता. तो थांबला तिथे कप्तान म्हणाला, "बरं." पुन्हा थोडं बोलणं झालं, पुन्हा "बरं." पूल उतरताना शेवटचं काहीतरी झालं, त्याचा शेवट प्रश्नासारखा वर गेला होता, म्हणून तो जरा लांबवून म्हणाला, "ब...रं."

शाळेपाशी उतरताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. तोल सांभाळत असेल, असं त्याला वाटलं.

त्यानंतर तिची धाकटीशी झटापट सुरू झाली. दारात शिरताना डोकं छतावर आपटायचं. डावा खांदा दाराच्या कडेला लागायचा. एकदा तर उघड्या दारावर ती सरळ चालत गेली आणि कपाळाला टेंगूळ आलं. कप्तानाला आयतंच कोलीत मिळालं. "बघ, बघ," तो लेकीला म्हणायचा, "थोरलीत माणूस उभ्याने चढायचा. ह्या खुराड्यात तुझ्या आईला रोज खोक पडते." लेक ओशाळायची. म्हणायची, "सवय होईल, बाबा." आणि बायको टेंगळाला हात लावत हसायची आणि कप्तानाकडे अशा नजरेने बघायची की त्याला वाटायचं, आपला विनोद हिला फारच पटला.

बाकावर तर त्याने या आपटण्याची मालिकाच लावली. आज कुठे, उद्या कुठे. नक्कल सुद्धा करून दाखवायचा, हात पुढे करून, चाचपडत. लोक पोट धरून हसायचे. "वहिनींना टोपी द्या लोखंडी," कुणीतरी म्हणायचं.

घरात इतरही गोष्टी घडत होत्या, पण त्यांना बोल लावायला धाकटी शेजारी नव्हती, म्हणून त्या त्याच्या ध्यानात राहिल्या नाहीत. ती सुईत दोरा ओवायला त्याच्याकडे द्यायला लागली. बारीक कामं घेईनाशी झाली. जिन्यावरून उतरताना भिंतीला हात लावून उतरायला लागली. दमली असेल, वय झालं, असं त्याने मनाशी म्हटलं आणि वर्तमानपत्र उलगडलं.

सुट्टीच्या दिवशी तिघं जेवायला बसली होती. लेक आईच्या डाव्या बाजूला होती. तिने पाण्याचा पेला आईपुढे धरला. आई समोर बघत घास खात राहिली. लेकीने पेला हलवला. मग खाली ठेवला आणि नुसता हात आईच्या डाव्या डोळ्याजवळ नेऊन बोटं हलवली. आईने घास चावला, गिळला आणि म्हणाली, "पाणी दे गं जरा."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. "आई, तुला या बाजूचं दिसत नाही?"

बायकोने हातातला घास ताटात ठेवला. "नाही गं. कडेचं गेलंय."

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले. तुझ्या बाबांना माहीत आहे."

लेकीने मान वळवून बापाकडे पाहिलं. कप्तानाच्या तोंडात घास होता, तो तिथेच राहिला. मला माहीत नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं सुद्धा असतं, पण बायको आधीच बोलायला लागली होती.

"त्यांना ओरडू नकोस. पडदे पोचवायला गेलो ना, तेव्हा गाडीत सगळं सांगितलं मी त्यांना. मीच म्हटलं की पोरीला एवढ्यात कळू देऊ नका, नवी जागा आहे, ती सगळं टाकून माझ्यामागे धावत बसेल. थोडे दिवस जाऊ देऊ, तोवर तुम्ही लक्ष ठेवा, चालेल ना, म्हटलं. ते बरं म्हणाले. आणि शब्द पाळला हो त्यांनी. बघितलंस ना, मी कुठे धडकले की कसं गाडीवर ढकलून झाकून न्यायचे? तुला एकदाही शंका आली का?"

लेक बापाकडे बघत होती त्यात राग होता, पण रागाबरोबर आणखीही काहीतरी होतं. आपला बाप इतकं पोटात ठेवू शकतो, हे तिला त्या दिवशी नव्याने कळल्यासारखं होतं. कप्तानाला ती नजर सोसेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात, त्याने खरंच खाली फरशीकडे पाहिलं. ऐकून गप्प बसलो म्हणावं तर आपण निर्दय ठरतो. ऐकलंच नाही म्हणावं तर काय ठरतो, याला त्याच्याकडे शब्दच नव्हता. त्याने घास गिळला. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. दोघींनी त्याचं आपापल्या परीने हो धरलं.

रात्री डोळा लागेना. पुलाचा चढ त्याने मनात पुन्हा पुन्हा चढून पाहिला. कुठल्या वळणावर पाण्याचा टँकर आडवा आला होता ते आठवलं. धाकटीचा वेगाचा काटा कुठे होता ते आठवलं. बायकोचा एक शब्द, एक अक्षर आठवलं तर शपथ.

दुसऱ्या दिवशी तो बाकावर गेला, कारण पायांना तीच वाट माहीत होती. टॅक्सीवाल्या मित्राने सरकून जागा केली आणि दुरूनच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय कप्तान, आज वहिनी कुठे आपटल्या?" सगळ्यांचे चेहरे हसायच्या तयारीत वळले. त्याने स्वतः त्यांना ती सवय लावली होती. कप्तानाला आपण केलेली नक्कल आठवली, पुढे केलेले हात, चाचपडणारी बोटं. बायको जिना उतरताना अगदी तशीच दिसायची. तो बसला नाही. चहा न घेता परत फिरला आणि लांबच्या वाटेने घरी आला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला चालता चालता कळत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मोकळ्या बोलत होत्या. काचबिंदू आहे, म्हणाल्या. डाव्या डोळ्याची कड गेली ती आता परत येणार नाही. उजव्यालाही सुरुवात आहे, पण थेंब नेमाने घातले, दाखवत राहिलं, तर आहे ते टिकेल.

"आधी आलो असतो तर?" लेकीने विचारलं.

"तर डावाही बराचसा राहिला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या. "यात दुखत नाही ना, म्हणून माणसं थांबतात."

"चूक माझी आहे," बायको पटकन म्हणाली. "मीच अंगावर काढलं. ह्यांचा काही दोष नाही."

कप्तान टोपी मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टरीणबाईंनी कुणाला दोष दिलाच नव्हता. त्याने टोपी उलटी केली आणि आतलं अस्तर बघत राहिला.

लेक तिथूनच कामावर गेली. कप्तानाने सवयीने मागचं दार उघडलं. बायकोच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, उन्हाने तिचे डोळे मिटत होते. तिने दाराची कड बोटांनी चाचपली, मान खाली घातली आणि बसली. तो पुढे येऊन बसला. पट्टा लावायचा विसरला, तर धाकटी लगेच बोंबलली. टुंग. टुंग. याची चूक, त्याची चूक, सगळ्याला ही गाडी ओरडते, त्याच्या मनात आलं. त्या दिवशी पुलावर का नाही ओरडली? आणि पाठोपाठ त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण अजून तो दोष गाडीलाच देत होता.

त्याने हात वर करून आरसा सरळ केला. पहिल्यांदाच त्याला मागे बायकोचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले, गालावर औषधाचा ओघळ, आणि ओठांवर बारीक हसू.

"ऐकता का," ती म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून निभलं हो. रोज वाटायचं, आज जास्त गेलं, आज जास्त गेलं. पण मग वाटायचं, एवढं घाबरायचं कशाला, ह्यांना माहीत आहे. कुणाला तरी माहीत आहे म्हटलं की निम्मं ओझं उतरतं. तुम्ही गाडीला शिव्या द्यायला लागलात की मला हसू यायचं. मनात म्हणायचे, बघा, कसा सांभाळून घेतोय माझा माणूस."

"बरं" त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. बरं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. बायको सुखात राहिली असती, लेकीच्या मनात त्याची किंमत वाढली होती ती तशीच राहिली असती, आणि खरं काय ते एका माणसाशिवाय कुणालाच कळलं नसतं. न विचारता आयता मिळालेला चांगुलपणा. नुसता अंगावर घालायचा होता, मालकांनी शिवून दिलेल्या टोपीसारखा. पण आरशात ती हसत होती, मिटल्या डोळ्यांनी, आणि त्याला ते बघवेना. आरसा तिरका करायला हात वर गेला. मग तो हात त्याने तसाच खाली आणला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली.

"आलं घर?" तिने विचारलं.

"नाही." तो आरशाशी बोलत होता, मग त्याने मान वळवली. थोरलीत त्याने कधी मान वळवली नव्हती. "त्या दिवशी मी ऐकलं नव्हतं."

"कधी?"

"पुलावर. तू सांगितलंस तेव्हा. एक शब्द नाही ऐकला."

तिने डोळे उघडले. उजेड सोसत नव्हता तरी उघडे ठेवले. "बरं म्हणालात की तुम्ही. तीनदा."

"मी सगळ्यालाच म्हणतो. मागून आवाज आला की म्हणतो. सवय आहे."

"मग ते... गाडीला बोलायचात ते?"

"ते खरंच गाडीला बोलत होतो." त्याला वाटलं इथे थांबावं, पण आता थांबता येईना. "बाकावर तुझी नक्कल पण करायचो. लोक हसायचे."

बाहेरून एक मोठा ट्रक गेला आणि धाकटी थोडी हलली. बायकोच्या चेहऱ्यावर तो राग शोधत होता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती एकेक दिवस मागे जाऊन बघत असावी, तो टेंगळाचा दिवस, तो जिना, तो सुईदोरा, आणि प्रत्येक दिवसातून त्याला उचलून बाजूला ठेवत असावी.

"म्हणजे मी एकटीच होते," ती म्हणाली.

कप्तानाने मान खाली घातली.

"आता सांग," तो शेवटी म्हणाला. "गाडी बंद आहे. परत सांग, मी ऐकतो."

"नाही हो." ती शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी सांगायला किती धीर गोळा केला होता मी. आरशासमोर बसून बोलून बघितलं होतं. तो धीर आता कुठून आणू?" मग जरा थांबून म्हणाली, "सवतीत घंटी होती ना. हिच्यात नाही. माझीच चूक, आधी बघायला हवं होतं."

तिने दार उघडलं. तो घाईने उतरून तिच्या बाजूला धावला, पण ती हात वर करून म्हणाली, "राहू दे, मी उघडते." गाडीच्या अंगावरून हात फिरवत ती पुढच्या दारापर्यंत आली. दार उघडलं. आत वाकताना तिचं डोकं छताला लागलं, ठणकन आवाज झाला, आणि कप्तान तिथेच उभा राहिला, गाडीला बोल न लावता. तिने सीटवरची टोपी उचलून मागे टाकली आणि बसली.

तो आपल्या जागेवर येऊन बसला. गाडी चालवताना बोलायचं नाही, हा नियम त्याने उभ्या जन्मात मोडला नव्हता. चौक आला तेव्हा तो म्हणाला, "डावीकडे सायकलवाला आहे. मागे पोरगी बसलीय." ती समोर बघत होती. पुढे तो म्हणाला, "डावीकडे शाळा सुटलीय." मग म्हणाला, "डावीकडे भिंत रंगवतायत, निळी." रस्ताभर तो तिला तिच्या गेलेल्या बाजूचं एकेक सांगत राहिला, चुकत, अडखळत, आयुष्यात पहिल्यांदा बोलायला शिकल्यासारखा. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवताना म्हणाला, "डावीकडे आपलं घर."

"बरं," ती म्हणाली.

तिने ऐकून म्हटलं होतं की नुसतंच म्हटलं होतं, हे विचारायला त्याला तोंड नव्हतं.